चौदावी तक्रार

दर मंगळवारी अकरा वाजता ती तिच्या सरकारी कचेरीत फोनपाशी बसायची आणि सीमेपलीकडच्या कचेरीतले साहेब तिकडच्या तक्रारी वाचून दाखवायचे. दोन्ही देशांत विकल्या जाणाऱ्या धोकादायक वस्तू एकाच दिवशी परत मागवायच्या, असा करार होता. त्यासाठी दोन्हीकडच्या याद्या शब्दन् शब्द जुळाव्या लागत. मात्र तक्रारदाराचं नाव उच्चारायचं नाही आणि पलीकडच्या तक्रारदाराशी परस्पर बोलायचं नाही. सरकारं दोन, म्हणजे नखरेही दोन्हींचे.

त्या मंगळवारी हीटरची पाळी होती. त्याची वायर तापून पेट घेत होती.

"चौदावी तक्रार विचित्र आहे," साहेब म्हणाले. "बाई लिहितात, 'वायर तापते, दुरुस्त करून द्या. हीटर परत देणार नाही. बारकीने पाठवलाय. मुठीला तिने बांधलेली पिवळी दोरी आहे.' आता बोला!"

तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. बारकी म्हणजे ती स्वतःच; सीमेपलीकडे दिलेली तिची ताई तिला याच नावाने हाक मारायची. आईच्या शेवटच्या आजारात तिला रजा मिळाली नाही, ती पोचली नाही, तेव्हापासून ताईने अबोला धरला होता. फोन उचलत नव्हती, पत्रांना उत्तर नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिने हा हीटर पाठवला, ताईला थंडी सोसत नाही म्हणून. ताईने पार्सल उघडलं की फेकून दिलं, तेही कळलं नव्हतं. आणि ताई रोज त्याच्याच उबेला बसत होती! तिला भडभडून आलं. पाठोपाठ भीतीही वाटली, कारण ताई हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

"साहेब, तुम्ही स्वतः जा त्यांच्याकडे. म्हणावं, दोरी ठेवून घे, हीटर देऊन टाक. बारकीची शपथ आहे."



"नियमात शपथ बसत नाही, बाई," साहेब म्हणाले. "पण जातो."

तो आठवडा तिला सरता सरेना. कुठे आग लागल्याची बातमी आली की ती आधी गावाचं नाव बघायची.

मंगळवारी साहेबांनी वाचायला घेतलं. "चौदावी. हीटर जमा. दोरी बाईंनी ठेवून घेतली. भरपाईच्या रकान्यात पर्याय दोनच असतात, पैसे किंवा नवा हीटर. त्यांनी दोन्हींवर काट मारलीय." साहेब खाकरले. "खाली लिहिलंय, 'दोन्ही नको. बारकीलाच माझ्याकडे पाठवून द्या.'"

यादी शब्दन् शब्द जुळायला हवी होती.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "परत एकदा वाचता का?"

साहेबांनी परत वाचलं, या वेळी अगदी सावकाश.