एक लांब शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. जुनी म्हटल्याचा मला राग नाही. अंगावरचा चकचकीत मुलामा केव्हाच उडाला, पोटातली बुचाची गोळी सुकून कोपऱ्यात अडकली, आणि कुणी फुंकलंच तर आवाजापेक्षा वाराच जास्त येतो. पण एके काळी माझ्या एका हाकेवर अकरा जण जागच्या जागी थांबत असत. त्या दिवसांची ही हकीकत आहे. ती फार आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याचे तुकडे डाग देऊन जोडले, पोटात गोळी घातली आणि एका कारागिराने मला फुंकून पाहिलं. त्याला लगेच खोकला आला. जगाशी माझी पहिली ओळख ही अशी झाली. पुढे खोक्यात बसून मी ठाण्याच्या बाजारात एका खेळाच्या दुकानात आले आणि कॅरमच्या सोंगट्यांशेजारी दोन वर्षं पडून राहिले. १९८४ साली एक उंच, सावळा तरुण तिथे आला. त्याने मला दुकानातच इतक्या जोरात फुंकलं की दुकानदार म्हणाला, "अहो, घ्यायची तर घ्या, पण माझं गिऱ्हाईक पळवू नका!"

तो देवराम नाखवा. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. वडील होडीवर जात, आई आवडाबाई बाजारात मासळी विकायची, आणि हा घरातला पहिला पदवीधर. कल्याणच्या एका नव्या कॉलेजात त्याची खेळाचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली होती. त्याने मला आईच्या तळहातावर ठेवलं तेव्हा तिने मला उलटसुलट करून पाहिलं.

"शिट्टी कशाला रं देवा?" ती म्हणाली. "तुजा आवाज तं या काठावरून त्या काठाला जातंय!"

असं म्हणाली खरी, पण जाळ्याच्या निळ्या दोऱ्याचा गोफ वळून माझी दोरी तिनेच केली. ती दोरी गळ्यात घालून देवराम सर कामावर रुजू झाले.

कॉलेजला मैदान नव्हतं. सरांनी कोपरकडच्या खाजणात, खाडीलगतच्या दलदलीत, फुटबॉलसाठी एक सपाट तुकडा शोधला आणि आजूबाजूच्या कोळीवाड्यांतली, कॉलेजात शिकणारी पोरं गोळा केली. उधाणाच्या दिवसांत अर्ध्या मैदानात पाणी यायचं, म्हणून आमच्या सरावाची वेळ घड्याळावर नाही, ओहोटीवर ठरायची. इतर कॉलेजांचे संघ हसायचे. चिखलात पळून पळून आमच्या पोरांच्या पोटऱ्या कशा झाल्या होत्या, ते त्यांना सामन्यात कळायचं.

सरावात सर फार बोलत नसत. बोलायचे ते माझ्या तोंडून. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे पुढे सुटा. तीन म्हणजे बॉल आपापसात फिरवा. आणि एक लांब शिट्टी म्हणजे आहेस तिथेच थांब, पाऊलसुद्धा हलायचं नाही. पण सामन्यात शिट्टी वाजवायचा हक्क एकट्या रेफ्रीचा. तिथे मी सरांच्या मुठीत गप्प. मग सरांनी कोळ्यांच्या पोरांना कोळ्यांचेच शब्द दिले. 'शीड' म्हणजे पुढे सुटा. 'वल्हं' म्हणजे फिरवा. आणि 'नांगर' म्हणजे होडी नांगरतात तसं रुतून राहायचं, मागची बाजू सोडायची नाही. हा शब्द मागच्या फळीचा. तिथला खांब होता मोरू, आमचा कर्णधार. सरांनी काठावरून "मोरू, नांगर!" म्हटलं की मोरू हात वर करायचा आणि भिंत होऊन उभा राहायचा.

पहिल्या वर्षी पहिल्याच सामन्यात आमचा धुव्वा उडाला. दुसऱ्या वर्षी आम्ही कॉलेजांच्या स्पर्धेची ढाल जिंकली. ठाण्याच्या कोळीवाड्यात बँड लावला होता. आवडाबाईने ढालीला कुंकू लावलं आणि बोटाला उरलेलं मला पुसलं. त्यानंतरच्या वर्षी पुन्हा ढाल, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. तीन ढाली, आणि सरांचं वय अजून तिशीच्या आत. स्थानिक वर्तमानपत्राने त्यांना 'शिट्टीवाले सर' म्हटलं, ते कात्रण प्राचार्यांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. यशाने सर फुगले नाहीत, असं मी म्हणणार नाही. हळूहळू त्यांचं ऐकणं कमी झालं आणि वाजवणं वाढलं. मलाही ते आवडत होतं, खोटं कशाला सांगू?

१९८८ साली तानाजी आला. साताऱ्याकडच्या गावातून शहाडला काकांकडे शिकायला आलेला, बैलांच्या मागे धावून पायांत वारं भरलेला मुलगा. पहिल्या दिवशी सरांनी त्याच्याकडे बॉल टाकला, तर तो म्हणाला, "सर, ह्यो आता कुनाला द्यायचा का माझ्यापाशीच ठिवायचा?" सगळे खो खो हसले. पण एकदा पळाला आणि सगळ्यांचं हसू थांबलं. सरांनी त्याला पुढच्या फळीत घातलं. माझे इशारे तो चार दिवसांत शिकला. 'शीड' ऐकून बाकीचे धावायचे, तोही धावायचा; मागच्या फळीच्या हाकांशी त्याला काम नव्हतं.

सरांचा त्याच्यावर फार जीव होता. रविवारी ते त्याला घरी जेवायला न्यायचे. आवडाबाई ताटात बोंबील वाढायची, आणि हा काट्याला भिऊन नुसत्या कालवणाबरोबर भात खायचा. "यो पोर बैलावर बसंल, पन मासला बघून पलंल," म्हणून ती त्याला चिडवायची. तो लाजून आणखी भात मागायचा.

त्या वर्षीचा अंतिम सामना ठाण्यात होता. डिसेंबरचं ऊन होतं. तानाजीनेच गोल केला आणि आम्ही एकाने पुढे होतो. शेवटची आठ मिनिटं उरली असताना मोरूच्या पोटरीत गोळा आला. त्याला उचलून तंबूत नेलं. बदली खेळाडू संपले होते. सरांनी तानाजीला मागे, मोरूच्या जागी उभं केलं. मग बॉल नेमका त्याच्याच पायाशी आला. सरांनी मला मुठीत घट्ट आवळलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "ताना, नांगर! नांगर!"

तानाजीने वळून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. त्याने मान डोलावली आणि नाकासमोर, सरळ रेषेत, सगळं मैदान चिरत निघाला.

दोघांना त्याने चुकवलं, तिसऱ्याने बॉल हिसकावला. मागे मोकळं रान होतं. बरोबरी झाली, आणि जादा वेळात आम्ही हरलो.

सगळ्यांसमोर सर त्याच्यावर तुटून पडले. "कुणासाठी पळालास? पेपरात नाव यावं म्हणून?"

"सर, तुमीच म्हनला की..."

"एक शब्द बोलू नकोस! सांगितलेलं ऐकता येत नसेल तर माझ्या मैदानावर पाय ठेवू नकोस."

बाकीची पोरं खाली मान घालून उभी होती. त्यांनाही तेच वाटत होतं. सगळे खाडीकाठचे, नांगर म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू येई. दुसरा अर्थ कुणाच्या मनातही आला नाही.

सोमवारी ओहोटीच्या वेळी सराव होता. तानाजी आला. मैदानाच्या फक्कीच्या रेषेबाहेर त्याने चपला काढल्या, हातात कसलीतरी कागदाची पुडी होती, आणि तो सरांच्या दिशेने चालू लागला. सरांनी त्याला पाहिलं. मला ओठांशी नेलं. आणि एक लांब शिट्टी फुंकली.

तो थांबला. सराव संपेपर्यंत तिथेच उभा होता, पाऊलही न हलवता. सर मागच्या वाटेने निघून गेले. त्यानंतर तो कॉलेजात दिसला नाही.

पुढची वर्षं मी भराभर सांगते, कारण सांगण्यासारखं त्यात थोडं आहे. मोरू शिकून बाहेर पडला. आम्ही पुन्हा ढाल जिंकली नाही. दोनदा उपांत्य फेरी, मग तेही नाही. मुलं क्रिकेटकडे वळली. खाजणात भराव पडला आणि इमारती उभ्या राहिल्या. आवडाबाई अधूनमधून विचारायची, "तो काट्याला भिनारा पोर कं येत नाय रं?" सर ताटात बघत राहायचे. एके वर्षी तिने विचारणं सोडून दिलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली.

१९९६ च्या हिवाळ्यात कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर उल्हास नदीच्या पलीकडे एका खेड्यात होतं. सर मुलांना घेऊन बांधावरून चालले होते. शेतात एक म्हातारा बांधाला टेकून बसला होता आणि त्याचा मुलगा बैल हाकत होता. मुलगा मध्येच थांबून घाम पुसू लागला, तसा म्हातारा ओरडला, "अरे थांबतोस काय? नांगर! सरळ नांगर, त्या टोकापर्यंत नांगर!"

सर चालायचे थांबले. मागची मुलं त्यांच्यावर आपटली. मी त्यांच्या छातीवर होते, मित्रांनो; त्यांनी मला मुठीत आवळलं, त्या सामन्यात आवळलं होतं तसंच. "अरे देवा," ते हळूच म्हणाले, "पोराने ऐकलं होतं."

त्याच संध्याकाळी ते शहाडला गेले. चाळीत तानाजीची काकू, विमलाबाई, भेटली. सरांना ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"आत्ता सवड झाली होय सर?" ती म्हणाली. पण पाणी दिलं तिने. तानाजीने त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं होतं. काका समजावून थकले. वर्षभर गावी राहून तो परतला, आणि आता खोपटच्या एसटी डेपोत गाड्या दुरुस्त करत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोपटला गेलो. तो एका बसच्या इंजिनात डोकं खुपसून काम करत होता. सरांना पाहून हात पुसत पुढे आला आणि पाया पडला. अंगाने भरला होता. सरांनी आठवडेच्या आठवडे सराव करावा तसं वाक्य रात्रभर घोकलं होतं, पण ते तुटक तुटकच बाहेर आलं.

"ताना, त्या दिवशी तू माझंच ऐकलंस. मी होडीचा नांगर म्हणत होतो. तुला शेतातला ऐकू आला. चूक माझी होती रे. मी तुला शब्द शिकवलाच नव्हता."

"माहीत हाय सर."

"माहीत आहे?"

"दुसऱ्याच दिवशी मी खाडीवर गेलेलो. म्हटलं, सर एवढं कशापायी चिडलं? एका कोळ्याला विचारलं, नांगर म्हंजी काय? त्यानं होडीतला लोखंडी आकडा दावला. मग सोमवारी मीच आलेलो सांगायला, की सर, माझं चुकलं, मला तुमचा नांगर ठाऊक न्हवता. काकूनं आवडाआजींसाठी शेंगदाण्याचे लाडू दिलेले."

"मग बोलला का नाहीस?"

तानाजीने हातातलं फडकं घडी करून खांद्यावर टाकलं. "तुमी लांब शिट्टी दिली, सर. आहेस तिथंच थांब. म्हटलं, एकदा ऐकलं न्हाई म्हनतात, आता तरी ऐकावं. तुमी जाईपर्यंत थांबलो."

सर म्हणाले, "परत ये ना. मुलांना शिकव. मी आहे तोवर मैदान तुझंच आहे."

"न्हाई सर." तो रागाने बोलला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. "हरल्याचं काय वाटलं न्हवतं. पन आता बॉल बघितला की मान दुसरीकडं वळती. तुमी आलात, बरं वाटलं. आता सोडा, पाचची गाडी काढायची हाय."

तो बसखाली शिरला. त्याचे फक्त पाय दिसत होते. सर ते पाय बघत उभे राहिले, आणि पाचची गाडी निघून गेल्यावर आम्ही परत आलो.

त्यानंतर सरांनी मला कधी फुंकलं नाही. नवा मुलगा आला की ते आधी विचारायचे, तुझं गाव कुठलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. त्यांचा संघ तरीही जिंकला नाही. मी जिमखान्याच्या खिळ्याला टांगलेली आहे. दोरीला कोळिष्टकं लागली आहेत.

मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेलपाणी करा, फेकू नका. मी ते मागत नाही. मला अडगळीत टाकलंत तरी चालेल. पण कुणी चपला काढून तुमच्याकडे काही सांगायला येत असेल, तर त्याला येऊ द्या, जवळ बसवा आणि त्याचं बोलणं पुरतं ऐका. लोक म्हणतात, शिट्टीचा काय दोष, ती फुंकणाऱ्याची. तसं असेलही. पण त्या पोराला अडवणारा आवाज माझा होता, आणि त्या दिवशी तो फार छान लागला होता.