चिकटलेले वेढे

तलमडुगुच्या आमच्या शाळेतून आदिलाबादच्या विज्ञान प्रदर्शनाला एकच प्रयोग जाणार होता, आणि तो माझाच, असं मी विज्ञानाच्या मॅडमनी निवड करायच्या आधीच अख्ख्या वर्गाला सांगून बसले होते! दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, समोरासमोर; पहिलीत उलटसुलट धावणारा करंट, मध्ये वायर नाही, तरी दुसरीवरचा दिवा लागतो.

म्हणजे, लागायला हवा.

वेढे, व्यास, लांबी सूत्रात घालून इंडक्टन्स काढला. कॉइल आणि तिला जोडलेला छोटासा कपॅसिटर मिळून कोणत्या फ्रिक्वेन्सीला झुलतील, म्हणजे दिवा कुठे लागेल, तेही काढलं. नेमका तिथेच अंधार.

“सुवर्णे, दिवा लाजून राह्यला का वं तुजा?” माझ्या बाकावरची साक्षी म्हणाली.

“गप बस!”

पण चुकलं कुठे? गुणाकार बरोबर. कॉइल तर बाबांच्या पद्धतीने भरलेली. बाबा पंपाच्या मोटरी भरतात: वेढ्याला वेढा चिकटलेला, थरावर थर, वरून वार्निश.

आमच्या विज्ञानाच्या भाग्यलक्ष्मी मॅडमनी कपॅसिटरच काढून टाकला आणि करंटची फ्रिक्वेन्सी खाली खाली आणली. माझ्या उत्तराच्या कितीतरी खाली दिवा मिणमिणला!

“एंदुकु?” त्यांनी तेलुगूत विचारलं. का?

मला काय माहीत का! कपॅसिटर नाही, मग ही कॉइल कोणाच्या जोडीने झुलून राहिली?

“दोन तारा अगदी जवळ ठेवल्या, मध्ये नुसता वार्निशचा थर. काय तयार होतं?”

“कपॅसिटर,” मी म्हणाले, आणि माझं बोट आपोआप वेढ्यांवर गेलं. अगं बाई. जितकी नेटकी भरली तितकी बिघडवली?

घरी गेल्या गेल्या म्हटलं, “बाबा, कॉइल ढिली भरायची हाये.”

“ढिली? काऊन?”

“मलेही पुरतं नाही समजलं.”

“दुकानावर कोनाले सांगू नको,” म्हणत त्यांनी सुती दोरा काढला. एकच थर; प्रत्येक वेढ्यानंतर दोऱ्याचा वेढा. लांबी वाढली, इंडक्टन्स घटला, माझं गणित पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी कपॅसिटर परत जोडला आणि दिवा लख्ख लागला! उत्तराच्या जवळ. उत्तरावर नाही, किंचित खालीच.

“हा उरलेला फरक कशाचा?” मॅडम.

“नाही माहीत!” मी ठणकावून सांगितलं. साक्षी फिसकन हसली.

“शोधून ठेव. आदिलाबादला हेच विचारतील.”

फरक दोऱ्याचा असेल का दिव्याच्या वायरीचा, या विचारात मी बाकापर्यंत पोचले. बसले. आणि मग उठलेच—

“मॅडम! कोणाला विचारतील?”