शेवटच्या खोलीचा वाटा

वृद्धाश्रमाच्या वायफायची तक्रार आली, तसा अँटेना शिडी खांद्यावर टाकून सकाळीच हजर झाला. ताडमाड उंच आणि किडकिडीत, म्हणून सगळे त्याला याच नावाने हाक मारत, आणि तोही ओ देई.

रोग तासाभरात सापडला. वायफायची हवा सगळ्यांची एकच, आणि तिच्यातून एका वेळी एकाच यंत्राने बोलायचं. शेवटच्या खोलीतला टॅबलेट दोन जाड भिंतींआडून एकेक शब्द ओढत बोलायचा. त्याचं होईस्तोवर बाकीच्या तेरा खोल्या खोळंबायच्या.

त्या खोलीत शिंपीबाबा होते. पाय गेलेले, टॅबलेट खाटेच्या दांडीला बांधलेला.

"बाबा, सगळ्यांची हवा तुम्ही एकटेच खाताय."

"जेवण पचत नाही रे, म्हटलं हवा तरी खावी," बाबा हसले. मग आवाज खाली आला. "आज तेवढं सांभाळ. साडेतीनला लेकीचा फोन यायचाय. चारला तिला ऑपरेशनला नेणार. घशातल्या गाठीबरोबर आवाजही जाणार म्हणाले डॉक्टर. आज बोलेल तेवढंच तिचं बोलणं."

"निर्धास्त राहा. आता चौदाही खोल्यांना सारखा वेळ. कुणावर अन्याय नाही."

खरं तर वायफायचा आणखी एक डबा त्या खोलीशी बसवायला हवा होता. पण त्यासाठी भिंतीला भोक पाडायचं, व्यवस्थापकबाईंची परवानगी काढायची. अँटेनाने ते उद्यावर ढकललं. वेळेचे सारखे वाटे केले आणि मधल्या बोळात, डब्याच्या अगदी खाली उभं राहून तपासलं. झकास चालत होतं.

साडेतीनला तो ऑफिसात चहा घेत बसला. दिवाणखान्यात मॅच रंगली होती, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच न अडखळता. "देवासारखा आलास बाबा," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. समोरच्या पडद्यावर चौदा खोल्यांच्या वेळेच्या चौदा पट्ट्या, एका उंचीच्या. तो त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिला. चौदाव्या पट्टीखालचा आकडा मात्र त्याने फार उशिरा वाचला. वेळ सारखाच होता, पण तेवढ्या वेळात त्या भिंतींपार जवळजवळ काहीच पोचत नव्हतं.

चहा तसाच टाकून तो धावला.

बाबा टॅबलेटला कान लावून बसले होते. "काय म्हणालीस बाळ? परत म्हण." पडद्यावर लेकीचे अर्धवट उघडलेले ओठ थिजले होते.

अँटेनाने मोबाईलवरून सगळे वाटे मोडले. दिवाणखान्यात मॅच अडकली, कुणीतरी त्याच्या नावाने शिव्या हासडल्या. इकडे पडदा लख्ख झाला. दवाखान्यातली रिकामी खाट, विस्कटलेली चादर, आणि दूर जाणाऱ्या स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज, अगदी स्वच्छ.

"बाबा, मी..."

"सगळ्यांना सारखं कापड कापलंस," बाबा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "अंगं नाही मोजलीस."

अँटेनाने मोबाईल खिशात टाकला.

"शेवटी तिने काहीतरी विचारलं रे. पोरीला ताटकळत कसं ठेवायचं? मी हो म्हणालो." त्यांनी चष्मा काढला. "कुठल्या गोष्टीला हो म्हणालो, ते आता तिच्या तोंडून कधीच कळायचं नाही."