ओट्यावरचं गूळपाणी

दारव्ह्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात रामराव शिंपी सकाळपासून कितीदा उठला आणि कितीदा बसला, त्याला गणती नव्हती. शिपायानं पुकारा केला की दचकायचा. नाव दुसऱ्याचंच निघायचं.

समोरच्या बाकावर देवीलाल बिडी ओढत होता. हा सावकाराचा वसुलीवाला. शिवणयंत्राच्या कर्जापायी गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे अठ्ठावन्न साली, तो बोरी अरब गावी रामरावच्या ओट्यावर अडीच महिने रोज येऊन बसला. शिवी नाही, हातात काठी नाही. नुसता बसायचा आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "कापड देऊन राह्यले? पाहा बुवा. मशीन त आमची हाय." गिऱ्हाईक तुटलं. कर्जदाराला असं दारात बसून सतावणं हा गुन्हा आहे, हे रामरावला बायको गेल्यावर कळलं. तेव्हा त्यानं फिर्याद दिली.

देवीलाल सुटला तर पुन्हा ओट्यावर येणार होता, आणि आता घरात लग्नाची मुलगी विमल एकटी असायची. रामरावच्या डोक्यात तेवढंच होतं.

"काहून भेता?" सरकारी वकील म्हणाले. "खरं तेवढं सांगा."

खऱ्याचीच तर भीती होती. देवीलालच्या चपला वाजल्या की रामराव मागच्या कोठ्यात तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या ढिगाआड जाऊन बसायचा. कुडाच्या फटीतून त्याला सगळं दिसायचं, ऐकू यायचं. पुढं जायची बायको, तानाबाई. हे त्यानं वकिलालाही सांगितलं नव्हतं.

पुकारा झाला. शपथ झाली. आरोपीचे वकील उठले.

"देवीलाल आला की तुमच्या घरून त्याला काय मिळायचं?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

रामरावनं पिंजऱ्याचं लाकूड धरलं. नुसतंच म्हटलं तर कोण खोटं पाडणार होतं? तानाबाई तर गेलेली. पण उन्हातून आलेल्या माणसाला तिनं नुसतं पाणी दिलं, हे त्याच्या तोंडून निघेना.

"गूळपाणी," तो म्हणाला.

"ऐका, साहेब! गुळाचा खडा, तांब्याभर पाणी. हा छळ का पाहुणचार?" लोक हसले. देवीलालही मिशीत हसला. वकिलांनी पुढं विचारलं, "तुम्ही स्वतः द्यायचे?"

"नाही. मंडळी द्यायची."

"अन् तुम्ही कुठी राहात होते?"

रामरावनं खाली पाहिलं.

"मागं. तुराट्याईत लपून बसत होतो. फटीतून पाहत होतो."

"बायको ओट्यावर अन् नवरा तुराट्यात!" मागून कोणी तरी बोललं. हसू पसरलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी टेबलावर पेन्सिल वाजवली. वकील समाधानानं खाली बसले.

रामराव पिंजऱ्यातून उतरला नाही.

"साहेब, अजून एक."

"बोला."

"जेठात ती तापानं गेली. सकाळी नेलं तिले. आमी नदीवरून आलो त हा ओट्यावर बसून. त्या दिवशी याले कोणी पाणी देल्लं नाही, गूळ देल्ला नाही, कोणी बसा म्हटलं नाही. तरी बी बसला. तेरवीलेही बसला. पाहुणा असता त उठून गेला असता ना, साहेब?"

आता कोणी हसलं नाही. आरोपीच्या जबाबाची वेळ आली तेव्हा साहेबांनी देवीलालला तेच विचारलं. "त्या दिवशी बसला होतास?"

"बसलो होतो," देवीलाल म्हणाला. "मले कोणी जा म्हटलंच नाही ना."

त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

पुढच्या तारखेला निकाल लागला. एका महिन्याची कैद. रामराव भर दुपारी घरी आला, पण आत जाईना. ओट्यावरून रस्त्यापर्यंत जायचा, परत यायचा. शेवटी देवीलाल बसायचा तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा बसला.

"काय झालं, बाबा?" विमलनं विचारलं.

"महिना झाला त्याले."

ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. वर गुळाचा खडा. आई द्यायची तसाच.

रामरावनं पाणी घेतलं. खडा मुठीतच राहिला, घामानं पाझरत.