भेगा बुजवताना

खणाची पितळी मूठ, हरभऱ्याच्या दाण्याहून जराशीच मोठी, कितीही पिळली तरी निघत नव्हती. तिच्याभोवती रंग लागला तर सगळं कपाट कुणा अडाण्यानं रंगवल्यासारखं दिसेल, म्हणून शिवकांता पदरात धरून ती पुन्हा पुन्हा फिरवत होती... निघ गं बाई, किती भाव खाशील!

लातूर जिल्हा झाला, तशी गंजगोलाईच्या बाजारातल्या एका सराफानं दुकानात काचेची मांडणी केली आणि हे दागिन्यांचं जुनं कपाट बाहेर काढलं — छातीइतकं उंच, सात खण, दारांच्या आतून साखळ्या टांगायच्या आकड्या. तिनं हट्टानं घरी आणलं. रत्नासाठी. मल्लम्माची, तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची, लेक. पुढच्या सोमवारी लग्न होऊन देवणीला जाणार. "दागिने चार अन् खण सात," तिचे यजमान बसवराज, नव्या कलेक्टर कचेरीत बदलून आलेले, कामाला निघता निघता हसले होते. "असू द्या की. रिकामे खण बघून सासरचे लाजतील अन् भरतील!" असं ती बोलून गेली खरी, पण मनात होतं ते वेगळंच. त्या घरात माझ्या हातची एक तरी वस्तू असावी. दहा वर्षं या पोरीच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसले, आणि दाखवायला काय? वेण्या तर रोज संध्याकाळी सुटतात.

मल्लम्मा बहात्तरच्या दुष्काळात तापानं गेली. शिवकांता पुढच्या वर्षी आली, तेव्हा रत्ना आठ वर्षांची, दाराआडून बघणारी. मावशी म्हण, असं कुणीतरी शिकवलं होतं आणि ती म्हणाली, लगेच, गुणी पोरीसारखी... तो गुणीपणाच शिवकांताला इतकी वर्षं टोचत आला. एकदा तरी उलटून बोलली असती! मग तीही भांडली असती. पण दोघीही एकमेकींशी पाहुण्यांसारख्या नीट वागत राहिल्या.

"वहिनी, आधी पॉलिश पेपर, मग लांबी, मग रंग," रंगाच्या दुकानातल्या मन्मथनं सांगितलं होतं. "लांबी म्हंजे खडूची भुकटी अन् जवसाचं तेल. भेगा बुजू द्या नीट. घाई करू नका." घाई तर होतीच. यंदाही पाऊस नाही, नळाला चार दिवसांआड पाणी येतं. आज पाण्याचा दिवस नव्हता, तेवढाच वेळ हाताशी. सकाळपासून घासून घासून नखं पांढरी झाली आणि शेवटच्या तीन भेगांना भुकटी पुरली नाही. बदलीचं सामान अजून फळीवर तसंच बांधलेलं. एका डब्यात हात घातला, कागदात गुंडाळलेला पांढरा गोळा लागला. खडूच. वरवंट्यानं ठेचला, तेलात मळला, भेगांत दाबून बसवला. छान बसला.

मग बोटं पुसायला तो कागद उचलला. आतल्या बाजूला पेन्सिलीनं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेलं — आईची विभूती. कोणी घेऊ नये.

अगं बाई...

ती तिथंच बसली. गोळ्याच्या एका अंगाला तीन खोलगट चरे होते, ते ठेचताना बघितले होते की! रोज तीन बोटं फिरून फिरून झिजतात तसे. माझ्या गोळ्यालाही आहेत. रोज आंघोळ करून, लिंगपूजेला बसण्याआधी कपाळाला विभूती लावणारी बाई मी, आणि हाताला खडू वाटला? डोळ्यांना खडू वाटला? हाताला कळलं नाही, की कळून हात तसाच चालला... या नव्या घरात, या कपाटात सगळं आपलंच असावं असं वाटणारी मीच ना? छे, छे. घाईत होते. पण छे म्हणूनही काही उपयोग होईना.

वरून आकाशी रंगाचे दोन हात दिले, कागद चुलीत टाकला, की कुणाच्या बापाला कळणार नाही. बदलीच्या सामानात काय कमी वस्तू हरवतात? पोर शोधेल, रडेल, सासरी जाईल. आणि रोज हेच कपाट उघडेल. तिनं कागद चुलीत टाकला नाही, मांडीवर ठेवला.

रत्ना शिंप्याकडून आली ती पिशवी टाकून सरळ कपाटाशीच. "काय करायलीस मावशी, एकटीच? मला हाक मारायची की."

"रत्ना, इकडं बस." आणि मग श्वास न घेता, "खडू संपला म्हणून मी फळीवरचा गोळा घेतला. तुझ्या आईची विभूती होती. ठेचली. भेगांत भरली." तिनं कागद पुढं केला.

रत्नानं तो वाचला. आपलंच अक्षर कुणा दुसऱ्याचं असावं तसा बराच वेळ वाचला. मग म्हणाली, "कुठं कुठं?"

"हितं, ह्या दाराखाली दोन. अन् खालच्या खणाच्या पाठीशी एक."

रत्नानं दाराखालच्या भेगेवर अंगठा ठेवला. लांबी ओली होती, ठसा उमटला. वर न बघता तिनं विचारलं, "चुकून ना?"

हो म्हटलं की संपलं असतं. रत्नानं मानही डोलावली असती, दहा वर्षं डोलावली तशी.

"न्हाई माहीत गं," शिवकांता म्हणाली. "देवाशपथ न्हाई माहीत. मला तुझ्या आईचा लई राग यायचा कधी कधी. मेलेल्या बाईचा."

रत्नाचे ओठ आवळले गेले, भुवया जवळ आल्या. असा चेहरा शिवकांतानं तिचा कधी बघितला नव्हता. आता ही ओरडेल, नाहीतर उठून दार लावून घेईल, कपाटही नको म्हणेल... म्हणू दे. समजूत काढायला, पाणी द्यायला, डोक्यावरून हात फिरवायला शिवकांता उठली नाही. दहा वर्षं चांगली मावशी होऊन ती थकली होती, आणि हे आज, या पोरीसमोर, रंगाच्या डब्याशेजारी बसल्यावर तिला कळत होतं. तिला भीती वाटत होती, आणि तरी बरं वाटत होतं.