जिथं गाणं अडकायचं

जयतीर्थनं यादीवरून पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. नावं चाळीस होती आणि हॉलमध्ये माणसं एक्केचाळीस.

एरवी एक माणूस जास्त झाला तर जेवणाच्या पानापलीकडं कुणी विचार करत नाही. पण आज जयतीर्थला बरंच मिळायचं होतं. माजी विद्यार्थी संघाचं अध्यक्षपद, त्यामागोमाग कॉलेजच्या नियामक मंडळावर खुर्ची, आणि हुबळीच्या कोर्टात अठरा वर्षं 'ओ वकील' म्हणणाऱ्यांकडून एकदाचं 'साहेब'. निवडणुकीत समोर उभा होता तारिहाळला कारखाना असलेला सदाशिव. आठवडाभर फोन करकरून जयतीर्थनं डोकी मोजली होती. वीस आपली, वीस सदाशिवची. आणि आता ही एक्केचाळिसावी, भिंतीजवळच्या खुर्चीत, निळं इरकल नेसून.

"ती कोण गं?" त्यानं भाग्यलक्ष्मीला विचारलं. भाग्यलक्ष्मी त्यांच्याच वर्गातली, आता शाळेत शिकवते. मतं मोजायचं काम तिच्याकडं होतं.

"दारात सरिता म्हणून सांगितलं तिनं. अळणावरकडची आहे म्हणे."

"यादीत नाही."

"यादी पास झालेल्यांची आहे, जय्या. इथं काय परीक्षा द्यायचीय तिला?"

"सदानं आणली असणार. एक हात वाढला की झालं त्याचं काम."

"मग जाऊन विचार की."

विचारणं जयतीर्थच्या धंद्यात बसत नव्हतं. उत्तर माहीत असल्याशिवाय साक्षीदाराला प्रश्न करू नये, हे तो ज्युनिअरांना रोज सांगत असे. त्यानं साऊंडवाल्याला खूण केली.

लागलं ते दोन हजार तीनच्या गॅदरिंगचं रिमिक्स. जुन्या चालीखाली धडधड घालून विकलेलं, तेव्हा टीव्हीवर लागलं की घरातली मोठी माणसं खाकरायची, तसलं. पोटं सावरत सगळे उठले. त्या वर्षी तालमीची सीडी ओरखडलेली होती. दुसऱ्या कडव्याआधी गाणं अडकायचं, प्लेअरवर थाप पडायची आणि गाणं पुढं सरकायचं. महिनाभर अशा तालमी झाल्यावर नाचणाऱ्यांनी त्या थापेलाच ठेका मानलं आणि तिथं टाळी बसवली. आता गाणं कुठंच अडकत नाही, तरी टाळी सुटलेली नाही. बाहेरच्या माणसाला ती ठाऊक असायचं कारण नव्हतं.

जयतीर्थ नाचत होता, पण डोळे भिंतीकडं होते. ती जागा आली. चाळीस टाळ्या एकदम वाजल्या.

सरितानं टाळी वाजवली नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिनं तळहातानं एक थाप मारली. टाळीच्या किंचित आधी.

जयतीर्थचा पाय चुकला.

"अय्यो," भाग्यलक्ष्मी त्याच्या कानाशी आली. "प्लेअरवाली सरिता रे. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून गेली ती. जिचं नाव तू कागदावर..."

"हळू बोल."

गॅदरिंगच्या प्रत्येक कार्यक्रमाखाली एका विद्यार्थ्याचं नाव जबाबदार म्हणून द्यावं लागे. त्या गाण्याखाली नाव द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा सांस्कृतिक सचिव जयतीर्थनं तिला न विचारता, स्वतःच्या हातानं तिचं लिहिलं. गावाकडची होती, सीडी प्लेअर तिच्या घरचा होता, आणि ती बोलायची नाही. गाणं अश्लील आहे अशी तक्रार झाली आणि प्राचार्यांचं पत्र तिच्या वडलांना गेलं. वडील आले, ऑफिसात ओरडले, मुलगी आणि प्लेअर दोन्ही घेऊन दुपारच्या बसनं परतले. जबाबदार विद्यार्थिनीच उरली नाही म्हटल्यावर तक्रारही मिटली.

गाणं संपलं. सरिता उठून सरळ त्याच्याकडं आली. जयतीर्थनं माइक हातात घट्ट धरला, तिच्यापासून जरा लांब.

"वकीलसाहेब, ओळखलं नाहीत."

"ओळखलं की."

ती पडद्याकडं बघत होती. पडद्यावर जुने फोटो सरकत होते. आत्ताच्या फोटोत मधोमध जयतीर्थ होता, हातात ढाल.

"हा कुठल्या वर्षीचा?"

"त्याच."

"म्हणजे नाच झाला?"

"झाला. पहिला नंबर."

"प्लेअर तर अप्पांनी नेला होता."

"दुसरा आणला. दुर्गदबैलच्या बाजारातनं, भाड्यानं."

"बरं झालं बाई." तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. "मला इतकी वर्षं वाटायचं, आमच्या अप्पांच्या तमाशानं तुम्हा सगळ्यांचा नाच बुडाला. त्याच वैशाखात माझं लग्न झालं, मग कुणाची गाठच नाही. यंदा धाकटी इथं शिकायला आली. ती म्हणाली, आई, तुमच्या बॅचचा कार्यक्रम आहे. म्हटलं, एकदा जाऊन माफी मागून टाकावी."

जयतीर्थनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भाग्यलक्ष्मी शेजारीच होती. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मतदानाला पाच मिनिटं होती.

"इरली बिडऱी," तो कानडीत म्हणाला. मराठीत ते एकदम त्याच्या तोंडून निघालं नसतं. "जाऊ द्या. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही."

सरिताचे डोळे भरून आले.

मत द्यायची वेळ आली तसा सदाशिव उठला. "ही बाई कोण? यादीत नाव नाही हिचं."

"आपल्याच बॅचची आहे," जयतीर्थ माइकवरून म्हणाला. "दोन वर्षं आपल्याबरोबर काढलीत तिनं. मी साक्ष देतो."

सदाशिव खाली बसला. भाग्यलक्ष्मीनं हात मोजले. सदाशिवचे वीस. जयतीर्थचे एकवीस. एकविसावा हात भिंतीजवळचा होता. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या, तरी मोजणी पुरी होईपर्यंत तो खाली आला नाही.