तुंब्यातले मीठ

मित्रांनो, मला नीट पाहिलेत तर कळेल, मी अर्धाच आहे. एक मोठा कडू भोपळा मधोमध चिरला, गर खरवडला, उन्हात वाळवला आणि मी झालो. माझ्या दुसऱ्या अर्ध्याचे काय झाले, ठाऊक नाही. ही गोष्ट मला नीट सांगता येईल का, याचीही खात्री नाही.

आमचा देश म्हणजे एक नदी आणि तिच्या दोन्ही काठांची चिंचोळी जमीन. डोंगर एकही नाही. जमीन इतकी सपाट, की भरतीचे खारे पाणी नदीतून उलटे चढत आमच्या गावाच्याही पुढे जाते. कोरड्या महिन्यांत नदी समुद्राची असते. मग दूर पूर्वेला, आम्ही कधी न पाहिलेल्या डोंगरांवर पाऊस पडतो आणि गोडे पाणी खाऱ्याला हळूहळू मागे रेटत येते. खारफुटीच्या सावलीत पालथा पडून मी त्या डोंगरांची स्वप्ने पाही. डोंगर कसा असेल? मला वाटे, माझ्यासारखाच, पालथा ठेवलेला.

भाताच्या लावणीआधी सुंकारी आजी मला नदीत बुडवी आणि एक घोट घेई. गावच्या साऱ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत. ती 'गोड' म्हणाली की लावणी सुरू. खाऱ्या पाण्यात रोप करपते. आणि फार उशीर झाला, तर दाणा भरण्याआधीच खारे पाणी परत येते.

त्या वर्षी मात्र आजी रोज थुंकून टाकी. "अजून खारट."

रोपे पिवळी पडू लागली.

"आत्याबाई, रोपं म्हातारी झाली हो," सून तिदा म्हणाली.

"मीही झालेय. मला उपटून लाव."

शेजारीण जांके हसली. दोघींच्या कुळांत थट्टेचे नाते होते, तेव्हा तिला काहीही बोलायची मुभा. "तुमच्या कुळाला भात लावता कुठे येतो? गिळता तेवढा येतो. खाऊन खाऊन जीभ झिजली हिची."

सगळ्या हसल्या. आजीही हसली. पण घरी आल्यावर तिने आधी मध चाखला, मग चिंच, मग मिरची. "जीभ खरंच गेली की काय माझी?" ती स्वतःशीच पुटपुटली.

मला बोलता आले असते तर किती बरे झाले असते. उन्हाळ्यात जांकेच मला मागून घेऊन गेली होती, खाजणातले मीठ गोळा करायला. परत देताना तिने मला नुसते पुसले. माझ्या बुडाशी एक चीर आहे. मीठ तिच्यात मुरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आजीच्या हातातून मी निसटलो आणि ओहोटीबरोबर तरंगत निघालो. मला धरायला तिदा पाण्यात धावली, चिखलात घसरली आणि तोंडभर नदी गिळून उठली. उभी राहून ती ओठ चाटू लागली.

"लागलं का गं?" आजीने विचारले.

"आत्याबाई, पाणी गोड आहे."

आजी ओंजळभर पाणी प्यायली. मग तिने तिदाच्या हातातून मला घेतले आणि आतून जिभेने चाटले. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती सैल झाली.

"जांके, इकडे ये. चाटून सांग, हे मीठ कुणाच्या घरचं?"

जांकेने चाटले आणि मान खाली घातली. "माझंच."

"आम्हाला भात लावता येत नाही म्हणे. तुम्हाला भांडं धुता येत नाही. चल, माझ्या वाफ्यापासून सुरुवात कर."

त्याच दिवशी लावणी सुरू झाली. मला त्यांनी खारफुटीच्या मुळाला बांधून पाण्यात सोडले. न पाहिलेल्या डोंगरांचे पाणी माझ्या चिरेतून वाहत राहिले. आजवर मी पाणी फक्त धरले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला चाखता आले.

आता माझी चीर वाढली आहे. माझ्यात कोंबड्या दाणे टिपतात. मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू परत देताना ती धुऊन द्या. आणि कधी सारी नदीच खारट लागली, तर तिला आणि आपल्या जिभेला दोष देण्याआधी हातातले भांडे एकदा चाटून पाहा.